कुत्र्यांना घातक खाद्यपदार्थ

माणसाला सहज पचणारे, पण कुत्र्याच्या शरीरात विषासारखा परिणाम करणारे अन्नपदार्थ. मराठवाड्यात राखणीच्या कुत्र्याला शिळी भाकरी कालवणात कुस्करून घालतात. तिथे धोका भाकरीचा नसून कालवणातल्या कांदा-लसणाचा असतो. त्यांतील गंधकयुक्त संयुगांमुळे तांबड्या रक्तपेशी फुटून रक्तक्षय होतो. किलो वजनामागे 15 ते 30 ग्रॅम कांदा बाधू शकतो. लसूण त्याहून तीव्र मानतात. शिजवल्याने किंवा वाळवल्याने हा गुण जात नाही. हिरड्या फिकट पडणे, लघवी लालसर-तपकिरी होणे ही लक्षणे बहुधा काही दिवसांनी दिसतात, त्यामुळे खाण्याशी त्यांचा संबंध सहसा लावला जात नाही.

द्राक्षे व बेदाण्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, याकडे अमेरिकी पशुवैद्यकांनी 2001 च्या सुमारास लक्ष वेधले. कारणाबद्दल मात्र दीर्घकाळ मतभेद राहिले. बुरशीजन्य विषे, कीटकनाशके, जड धातू असे तर्क झाले. परंतु फवारणी न केलेल्या परसातल्या द्राक्षांनीही बाधा झाल्याने कीटकनाशकांचा तर्क दुबळा ठरतो. 2021 मध्ये टार्टारिक आम्ल व त्याचे पोटॅशियम लवण यांकडे बोट दाखवले गेले. कुत्र्याच्या मूत्रपिंडपेशींना हे आम्ल मारक ठरते, मानवी पेशींना ठरत नाही, असे पुढे प्रयोगशाळेत आढळले. हेच मत आज अधिक ग्राह्य वाटते. आम्लाचे प्रमाण जात व पक्वतेनुसार बदलते, म्हणून सुरक्षित मात्रा सांगता येत नाही.

मराठवाड्याच्या दृष्टीने या मताचे महत्त्व द्राक्षबागांपुरते नाही. चिंचेच्या गरात हेच आम्ल द्राक्षांच्या कितीतरी पट, साधारण 8 ते 18 टक्के असते, आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही तशीच बाधा नोंदली गेली आहे. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येच्या शेतकऱ्यांच्या सणाला, शेतात होणाऱ्या भज्जीत (मिश्र भाजीत) चिंचेचा कोळ असतो, लसूणही असतो. त्या दिवशी उरलेली भज्जी कुत्र्यापुढे टाकू नये. कोरडी भाकरी किंवा साधा भात घालावा.

चॉकलेटमधील थिओब्रोमीन, साखरमुक्त च्युइंगममधील झायलिटॉल आणि शिजवलेली, टोकदार तुकडे होणारी हाडे हीदेखील घातकच.

द्राक्षे किंवा चिंच खाल्ल्यास लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यकाकडे न्यावे. तिथे उलटी करवून शिरेतून सलाइन देतात. घरी मीठ-पाणी पाजून उलटी काढू नये. जास्त मिठाचीही कुत्र्याला विषबाधा होते.