दवंडी

हलगी, डफ किंवा ढोल वाजवत गावभर फिरून हुकूम किंवा निरोप मोठ्याने सांगण्याच्या पद्धतीला दवंडी म्हणतात. काही भागांत 'दौंडी' असाही उच्चार आहे. सारा भरण्याची मुदत, जनावरांचे लसीकरण, कालव्याला सुटणारे पाणी, यात्रेची वर्गणी, ग्रामसभा असे तिचे विषय असतात.

दवंडीची वेळ बहुधा दिवेलागणीची, म्हणजे माणसे रानातून घरी परतल्यावरची. पावसाळ्यात हलगीचे चामडे सादळते, म्हणून आधी ती पाचटाच्या जाळावर शेकून तापवतात. मग प्रत्येक आळीच्या तोंडाशी थांबून हलगी कडाडते आणि पुकारा होतो: "ऐका हो ऐका! उद्या सकाळी नऊ वाजता मारुतीच्या देवळात ग्रामसभा हाय होऽऽ! घरटी एक माणूस यावं होऽऽ!" या पुकाऱ्यातले 'घरटी एक माणूस' हे शब्द फार मोलाचे आहेत. कोणी, कुठे, किती वाजता यायचे हे पुकाऱ्यात नेमके सांगितलेले असते.

माणसे नुसती ऐकून थांबत नाहीत, उठून येतात, याची कारणे या पद्धतीतच आहेत. ग्रामपंचायतीच्या फलकावरचा कागद वाचायला फलकापाशी जावे लागते आणि वाचताही यावे लागते. दवंडी दारात येते. ती साऱ्या आळीला एकदम ऐकू जाते, त्यामुळे शेजाऱ्यानेही ऐकले आहे हे प्रत्येकाला ठाऊक असते आणि "आमच्या कानावर आलंच नाही" म्हणायची सोय उरत नाही. शिवाय सांगणारा ओळखीचा असतो. भाकरी थापता थापता एखादी बाई दारातून विचारते, "किती वाजता म्हणालास रं?" आणि तिला तिथल्या तिथे उत्तर मिळते. रिक्षावरचा भोंगा लांबच्या वस्तीपर्यंत पोहोचतो, पण त्याला काही विचारता येत नाही.

व्हॉट्सॲपच्या गटावरचा निरोप सणाच्या शुभेच्छांखाली गाडला जातो. दोन निळ्या खुणा दिसल्या म्हणजे माणूस येईलच असे नाही, आणि ज्या म्हाताऱ्यांकडे व मजुरांकडे तसला फोन नाही त्यांना तर तो कळतच नाही. मात्र पुण्या-मुंबईला गेलेल्या गावकऱ्यांकडून यात्रेची वर्गणी जमवायची असेल तर तिथे फोनच कामाला येतो, दवंडी वेशीपर्यंतच.

या पद्धतीची दुसरी बाजू वेदनेची आहे. बहुतेक गावांत दवंडी हे महार वतनाचे, म्हणजे महार समाजाकडे वंशपरंपरेने असलेल्या गावकीचे काम होते. ज्याच्या हाकेवर गाव चावडीत जमे, त्याला त्या चावडीत बरोबरीने बसता येत नसे. रात्री-अपरात्री केव्हाही बोलावणे येई आणि घरचा कर्ता आजारी असला तर घरातल्या दुसऱ्याला जावे लागे. हे जोखड काढण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. महार वतनासारखी कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा मात्र स्वातंत्र्यानंतर, १९५८ मध्ये झाला. पुढे हे काम कोतवाल आणि ग्रामपंचायतीचा शिपाई यांच्याकडे आले. दवंडीच्या आठवणी हळवेपणाने सांगताना हा इतिहास वगळणे अन्यायाचे आहे.

कायद्यातही दवंडीला स्थान आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार स्थावर मालमत्तेच्या जप्तीचा हुकूम त्या जागी किंवा लगत ढोल वाजवून, अथवा तिथल्या रूढ पद्धतीने जाहीर करायचा असतो. ग्रामसभेची सूचनाही फलकावर लावण्याबरोबर दवंडीने दिली जाते. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तितकी गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, लागते. ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणजे निरोप नीट पोहोचला नाही, तर गावाचे निर्णय मूठभर माणसे घेऊ शकतात. म्हणूनच अशा निर्णयावर वाद झाला की "दवंडी दिली होती का?" हा प्रश्न हमखास निघतो.

दाट वस्तीच्या देशावरच्या गावठाणाला दवंडी जशी लागू पडते तशी ती कोकणात पडत नाही. तिथे घरे डोंगरउतारावर, आगरांत विखुरलेली असतात आणि हलगीचा आवाज झाडीत विरतो. त्यामुळे वाडीतला एखादा माणूस घरोघर जाऊन सांगतो, ओटीवर घटकाभर टेकतो, पाणी पितो आणि पुढच्या घराकडे वळतो.