व्हॅस्क्युलायटिसच्या तपासण्या : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'व्हॅस्क्युलायटिस?' असं लिहिलेलं दिसलं, तर आधी त्यापुढचं प्रश्नचिन्ह पाहा. शंका आहे, निदान अजून व्हायचंय.

या आजारात प्रतिकारशक्ती आपल्याच रक्तवाहिन्यांवर उलटते. वाहिनीच्या भिंतीला सूज येते, वाट अरुंद होते, कधी भिंत कमजोर होऊन फुगते. कोणती वाहिनी सापडली त्यावर त्रास ठरतो. वर्गीकरणही वाहिनीच्या आकारावरूनच होतं. अमेरिकेतल्या चॅपेल हिलच्या तज्ज्ञ-परिषदेने १९९४ मध्ये ते मांडलं आणि २०१२ मध्ये सुधारलं.

महाधमनी आणि तिच्या मोठ्या शाखांना सूज आली, तर तरुण स्त्रियांमध्ये बहुधा टाकायासू असतो. मनगटाला नाडी लागत नाही, दोन हातांचं ब्लडप्रेशर वेगळं येतं. पन्नाशीनंतर जायंट सेल आर्टेरायटिस होतो: कानशील ठणकतं, चावताना जबडा दुखतो. यात अचानक दिसेनासं झालं, तर रिपोर्टसाठी थांबू नका, तडक दवाखाना गाठा. मध्यम वाहिन्यांत पॉलिआर्टेरायटिस नोडोसा आणि लहान मुलांचा कावासाकी येतो. बेशेट या आजाराला वाहिनीच्या आकाराचं बंधन नाही.

खरा गोंधळ बारीक वाहिन्यांचा. आयजीए व्हॅस्क्युलायटिसमध्ये अँटिबॉडीचे पुंजके भिंतीत साचतात. मुलांच्या पायांवर जांभळे ठिपके उठतात, पोट आणि सांधे दुखतात. दुसरा गट ॲन्काचा, म्हणजे आपल्याच पांढऱ्या पेशींवर उलटणाऱ्या अँटिबॉडीचा. त्यात तीन आजार येतात, त्यांची लघुनावं जीपीए, एमपीए, ईजीपीए. जुन्या फाइलीत 'वेगनर' किंवा 'चर्ग-स्ट्रॉस' लिहिलेलं असेल, तर ती अनुक्रमे जीपीए आणि ईजीपीएचीच जुनी नावं, नवा आजार नव्हे. रिपोर्टमध्ये पीआर३ आणि एमपीओ असे ॲन्काच्या दोन प्रकारांचे आकडे दिसतील. पीआर३ जास्त करून जीपीएत वाढतो, एमपीओ एमपीएत. पण क्षयरोग, हृदयाच्या झडपेचा संसर्ग किंवा काही औषधं यांमुळेही ॲन्का पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि आजार असूनही निगेटिव्ह येऊ शकते. त्यामुळे नुसता आकडा इंटरनेटवर टाकून रात्र जागवू नका. बऱ्याचदा बायोप्सी लागतेच.

लघवीची तपासणी मात्र साधी म्हणून टाळू नका. किडनीला सूज आली तरी सुरुवातीला काहीच दुखत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र वेड्यावाकड्या तांबड्या पेशी आणि त्यांचे दंडगोल साचे दिसतात. नमुना शिळा झाला की ते विरघळतात. म्हणून मधल्या धारेची लघवी घ्या आणि तासाभरात आमच्याकडे पोचवा. स्टेरॉइड सुरू असेल तर फॉर्मवर तसं लिहा, कारण त्याने ईएसआर आणि सीआरपी हे सूज दाखवणारे रक्तातले आकडे खाली येतात.