गर्भाशयमुखाला दुखत नाही, हे ठरवले कोणी?

ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या सरकारी आरोग्ययंत्रणेने गर्भनिरोधनासंबंधीच्या आपल्या सूचना सुधारल्या. तांबी बसवण्याआधी दुखण्याबद्दल प्रत्येक स्त्रीशी बोला, ते कमी करण्याचे पर्याय तिच्यापुढे ठेवा, असे त्यात आले. गर्भाशयमुखाशी सुन्न करणारे औषध वापरल्यास उपयोग होऊ शकतो, हेही नोंदवले गेले. मे २०२५ मध्ये तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने बायॉप्सी (तपासणीसाठी पेशींचा लहानसा तुकडा काढणे) आणि दवाखान्यातच उरकल्या जाणाऱ्या इतर प्रक्रियांबद्दलही असेच सांगितले. दात काढण्याआधी हिरडी सुन्न करायला कोणाला मार्गदर्शक सूचना लागत नाही. इथे त्या लागल्या, आणि त्या यायला २०२४ उजाडले, ते का, हा या टिपणाचा विषय.

फार मागे जाण्यात अर्थ नाही. स्पेक्युलम, म्हणजे योनिमार्ग उघडा धरून आत पाहण्याचे साधन, रोमन काळापासून आहे, इ.स. ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या पॉम्पेईत कांस्याचे, मळसूत्राने उघडणारे स्पेक्युलम सापडले आहेत. आजच्या तपासणीची घडण मात्र एकोणिसाव्या शतकातली, आणि ती ज्यांच्यावर झाली त्यांना नकाराचा अधिकार नव्हता. अमेरिकेतल्या अलाबामात १८४५ ते १८४९ या काळात एका शल्यविशारदाने गुलाम स्त्रियांवर भूल न देता शस्त्रक्रिया केल्या. त्यांतल्या एकीवर तीस वेळा. १८४६ मध्ये ईथरची भूल जाहीरपणे दाखवून झाली होती. ती तेव्हा नवी होती, असा बचाव अजूनही केला जातो. इंग्लंडमध्ये १८६४ च्या कायद्याने लष्करी छावण्यांच्या गावांत वेश्याव्यवसायाचा नुसता संशय असलेल्या स्त्रियांची सक्तीने आतून तपासणी होऊ लागली. कायदा रद्द व्हायला १८८६ उजाडले.

विसाव्या शतकात चित्र पालटले ते एका चाचणीमुळे. पॅप स्मिअरवरचे, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन कर्करोगाची चिन्हे शोधणाऱ्या चाचणीवरचे, मुख्य पुस्तक १९४३ चे. त्यानंतर हळूहळू काहीही त्रास नसलेल्या लाखो स्त्रिया ठरावीक काळाने टेबलावर येऊ लागल्या. दुखले म्हणून आजारी बाई उपचार सोडत नाही. धडधाकट बाई मात्र पुढच्या वेळी सरळ येतच नाही. माझ्या मते वेदनेचा प्रश्न वैद्यकाच्या नजरेत भरला तो इथे, आणि तोही दयेपोटी कमी, गळतीच्या आकड्यांपोटी जास्त.

तरीही पुढची कित्येक दशके बदल रखडला, कारण एक समजूत आडवी आली. ‘गर्भाशयमुखात संवेदना नसतात, तिथे चिमटा लावला तरी कळत नाही’ हे वाक्य डॉक्टरांच्या अनेक पिढ्यांनी ऐकले आणि पुढे सांगितले. त्याचा माग काढताना बहुतेक जण १९५३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, स्त्रियांच्या लैंगिक वर्तनावरच्या एका अहवालाशी पोहोचतात. त्यासाठी काही स्त्रीरोगतज्ज्ञांनी आठशेहून अधिक स्त्रियांच्या जननेंद्रियांच्या वेगवेगळ्या भागांना हलका स्पर्श करून पाहिला. गर्भाशयमुखावरचा स्पर्श जवळजवळ ९५ टक्के स्त्रियांना जाणवला नाही. अहवालाचा प्रश्न लैंगिक सुखाचा होता, वेदनेचा नव्हता. शिवाय त्याच अहवालात दाब देऊन केलेली चाचणीही आहे, आणि तो दाब बहुतेकींना जाणवला होता. पहिला आकडा लक्षात राहिला, दुसरा मागे पडला.

शरीरशास्त्राच्या दृष्टीने यात गूढ काही नाही. त्वचेवर कापसाचा बोळा फिरवल्यावर जी जाणीव होते, तशी गर्भाशयमुखाच्या बाहेरच्या भागाला फारशी नसते. पण ताण, ओढ आणि दाब तिथल्या मज्जातंतूंना कळतो. आतल्या मुखाजवळ तो अधिकच कळतो. म्हणूनच तांबी बसवताना चिमट्याने गर्भाशयमुख ओढले, किंवा मापन करणारी सळई आत गेली की ओटीपोटात पाळीसारखी जबर कळ येते. काहींना घेरी येते, घाम फुटतो, नाडी मंदावते. गंमत अशी की या घेरीची सोय दवाखान्यांत पूर्वीपासून असते. पाय वर करून झोपवायचे, पाणी द्यायचे, थोडा वेळ उठू द्यायचे नाही. जिथे संवेदनाच नाही, तिथून ही प्रतिक्रिया येते कशी, हा प्रश्न मात्र फारसा विचारला गेला नाही.

समजुतीची किंमत मोजमापातही दिसते. २०१४ मधल्या एका अभ्यासात तांबी बसवताना झालेल्या सर्वांत तीव्र वेदनेला स्त्रियांनी आणि ती बसवणाऱ्यांनी शंभरपैकी वेगवेगळे गुण दिले. स्त्रियांची सरासरी ६५ च्या आसपास आली, बसवणाऱ्यांची ३५ च्या आसपास. खोली एक, टेबल एक, दोघांतले अंतर दोन हातांचे.

उपायांचा इतिहासही सरळ नाही. आधी आयबुप्रोफेनची गोळी घेऊन या, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. पण तांबी बसवतानाची कळ तिने फारशी कमी होत नाही असे चाचण्यांत दिसले आहे, नंतरच्या मुरड्याला तिचा उपयोग असेल तो असेल. मुख सैल करण्यासाठी दिले जाणारे मिसोप्रोस्टॉल सरसकट वापरू नये, असे आता सांगतात, कारण फायदा दिसत नाही आणि पोटदुखी, मळमळ वाढते. सुन्न करणाऱ्या इंजेक्शनच्या बाजूने पुरावा त्यातल्या त्यात बरा आहे, पण ते टोचतानाही दुखते. ‘पुरावा संमिश्र आहे’ या वाक्याआड अनेक संघटना दीर्घकाळ थांबून राहिल्या. मला ही पळवाट वाटते. संमिश्र पुराव्यावर पर्याय समोर ठेवता येतो, निवड तिची.

साध्या तपासणीतले बदल त्याहून स्वस्त होते आणि तेही उशिरा आले. स्पेक्युलमला जेल लावले तर पॅपचा नमुना खराब होतो, म्हणून फक्त कोमट पाणी वापरण्याची रीत होती. पाण्यात विरघळणारे थोडे जेल लावल्याने नमुन्याला सहसा बाधा येत नाही, हे नंतरच्या चाचण्यांनी दाखवले. पाय अडकवण्याच्या रिकिबींचेही तसेच. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १९७ स्त्रियांच्या चाचणीत रिकिबींशिवाय तपासलेल्या गटाला त्रास आणि असहायपणा दोन्ही कमी वाटला. टेबलाची ती रचना तपासणाऱ्याच्या सोयीची होती. लहान मापाचा स्पेक्युलम, रजोनिवृत्तीनंतर कोरडेपणा असल्यास काही आठवडे आधीपासून इस्ट्रोजेनचे मलम, सोबत हवी ती व्यक्ती, आणि ‘थांबा’ म्हटल्यावर खरोखर थांबणे, यांतले काहीच नवे तंत्रज्ञान नव्हे.

दबाव बाहेरूनही आला. १९७१ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या काही स्त्रिया प्लास्टिकचा स्पेक्युलम, आरसा आणि टॉर्च घेऊन एकत्र जमून स्वतःच स्वतःला तपासू लागल्या. त्याच दशकात अमेरिकी वैद्यकीय महाविद्यालयांत प्रशिक्षित स्त्रिया स्वतःच्या शरीरावर विद्यार्थ्यांना तपासणी शिकवू लागल्या. प्लास्टिकचा पुतळा किंवा भूल दिलेली रुग्ण सांगू शकत नाही ते त्या सांगत: हात कुठे जड पडतोय, ‘अंग सैल सोडा’ म्हटल्याने अंग आणखी का आखडते.

मुळात तपासणी हवीच का, हा वादही पुढे वाढला. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या फिजिशियन मंडळींच्या संघटनेने लक्षणे नसलेल्या, गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रियांची नेमाने आतून तपासणी करू नये असे सांगितले. स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना तेव्हा त्यांच्याशी सहमत नव्हती. २०१८ मध्ये तिनेही लक्षणे किंवा पूर्वेतिहास असेल तेव्हाच तपासावे, अशी भूमिका घेतली.

आता कल स्वतः नमुना घेण्याकडे आहे. एचपीव्हीच्या, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूच्या, चाचणीला योनिमार्गातला नमुना चालतो आणि तो बाई स्वतः घेऊ शकते. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२२ पासून हा पर्याय तिथल्या चाचणी कार्यक्रमातल्या सर्व पात्र स्त्रियांना खुला केला. अमेरिकेत दवाखान्यात बसून तसा नमुना घ्यायला मे २०२४ मध्ये मान्यता मिळाली. चाचणी पॉझिटिव्ह आली की मात्र पुढचा टप्पा बहुधा पुन्हा स्पेक्युलमचा असतो, आणि गरज पडल्यास बायॉप्सीचा. तिथे सुन्न करणारे औषध दिले जाईल की ‘जोरात खोका’ एवढेच सांगितले जाईल, हे अजून तपासणाऱ्यावर अवलंबून आहे.