ठासणीच्या पिस्तुलाचे तेलपाणी

तोंडातून दारू-गोळी ठासायच्या जुन्या पिस्तुलाचा मळ काढून, गंज थांबवून लोखंडावर तेलाचा पातळ हात फिरवण्याचे काम. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या मराठवाड्यात जुन्या वाड्यांतली अशी हत्यारे बहुधा खंडेनवमीलाच बाहेर निघतात. पूर्वी हे काम शिकलगारांकडे असे; ‘शिकल’ म्हणजे धातूची झिलई. नांदेडच्या तख्त सचखंड हुजूर साहिब येथे दिवाळीच्या सुमारास गोदावरीच्या पाण्याने तख्तस्नान होते, तेव्हा तिथली ऐतिहासिक शस्त्रेही स्वच्छ केली जातात.

पहिले काम नळी रिकामी आहे का ते पाहण्याचे. लाकडी काडी नळीत तळापर्यंत घालून तोंडाशी खूण करावी, मग तीच काडी बाहेरून नळीला लावून धरावी. टोक कानापर्यंत, म्हणजे रंजकाच्या (दारू पेटवण्याच्या) छिद्रापर्यंत, पोचत नसेल तर आत काहीतरी आहे. कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही पेटते, म्हणून तिथेच थांबून जाणकाराला बोलवावे.

काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढते आणि लोखंड खाते, मात्र पाण्यात विरघळते. नळीत अशी राख असेल तर कोमट पाण्याचा बोळा फिरवून लगेच खडखडीत कोरडे करावे आणि तेल द्यावे. बोटाला लागणारा केशरी भुगा हा चालू गंज. त्यावर तेल मुरू देऊन बांबूच्या काडीने हलकेच खरवडावा. काळपट, घट्ट बसलेला थर काढू नये. पॉलिश पेपरने एकदा घासले की कारागिराची मुद्रा आणि तारकामाची नक्षी कायमची जाते. वाड्यांतल्या पिस्तुलांचे सर्वांत मोठे नुकसान या हौशी चकाकीनेच होते.

तेलाची निवडही तितकीच महत्त्वाची. आपल्याकडे हाताशी करडईचे किंवा जवसाचे तेल असते, पण ते हवेत वाळून राळेसारखे चिकट होते. मग चाप ओढला तरी घोडा जागचा हलत नाही. शिलाई मशीनचे पातळ तेल फडक्यावर दोन थेंब घेऊन पुसावे. जास्तीचे तेल दस्त्याच्या लाकडात मुरते आणि लाकूड मऊ पडते. घोडा रिकामा आपटून पाहू नये.

ओल्या गंधाचे बोट नळीवर तसेच राहिले, तर तिथे बोटाच्याच आकाराचा तांबूस डाग उठतो. पूजा जरूर करावी, पण गंध शेजारच्या विड्याच्या पानाला लावावे. नंतर पिस्तूल चामड्याच्या खोळीत ठेवू नये, कारण चामडे ओल धरते. सुती कापडात गुंडाळून पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून पाहावे.

शंभर वर्षांहून जुने पिस्तूल १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातली सूट दुरुस्त करूनही उडवता न येणाऱ्या जुन्या हत्यारांना आहे. चालू स्थितीतल्या पिस्तुलाबाबत आधी जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करावी.