ऊन आहे, दाणा आहे, अंगी लागत नाही

अमळनेरच्या माझ्या मावशीला गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी ‘साठ हजाराची’, म्हणजे ड जीवनसत्त्वाच्या साठ हजार युनिटची, पुडी लिहून दिली. आठवड्याला एक, दुधातून, आठ आठवडे. कंबर आणि मांड्या दुखतात म्हणून ती गेली होती. रक्त तपासलं तर ड जीवनसत्त्व पार तळाला. दुखण्यापेक्षा तिला हा निकालच जास्त लागला. “आपलाकडे ऊननी काय कमी शे?” हे तिचं एकच पालुपद. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जाणाऱ्या मुलखातल्या बाईला कुणी ‘तुम्हाला ऊन कमी पडतं’ म्हणालं, तर ती दुसरं काय म्हणणार?

प्रश्न मात्र जुना आहे, आणि त्याचं उत्तर एकदा आपल्याच इलाख्यात शोधलं गेलं होतं.

ड जीवनसत्त्व कमी पडलं की मुलांची हाडं मऊ पडून वाकतात, तो मुडदूस. त्याचं पहिलं सविस्तर वर्णन सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधलं. फ्रान्सिस ग्लिसन यांचा ग्रंथ १६५० चा. पाय धनुष्यासारखे वाकलेली, बरगड्यांवर गाठी आलेली मुलं पुढे कारखान्यांच्या धुरकट गावांत फार दिसू लागली. १८२२ मध्ये पोलंडच्या श्न्यादेत्स्की यांनी लिहून ठेवलं की वॉर्सा शहरातल्या मुलांना हा रोग होतो, आसपासच्या खेड्यांतल्या मुलांना नाही, तेव्हा मुलांना उन्हात न्या. ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मग शंभर वर्षांनी, १९१९ साली, दोन टोकांनी एकदम उजेड पडला. लंडनला मेलॅन्बी यांनी घरात कोंडलेल्या कुत्र्याच्या पिलांना ओटच्या लापशीवर ठेवून मुडदूस आणला आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने तो बरा केला. बर्लिनला हुल्डशिन्स्की यांनी तेलाचा थेंबही न देता, नुसत्या पाऱ्याच्या दिव्याच्या प्रकाशाने मुलं बरी केली. तेल खरं की प्रकाश, हा वाद काही वर्षं चालला. दोन्ही खरे होते. तेलातल्या द्रव्याला १९२२ मध्ये मॅकॉलम यांनी ‘डी’ हे अक्षर दिलं, आणि तेच द्रव्य ऊन लागल्यावर कातडीत आपोआप तयार होतं हे पुढे कळलं. या कामातल्या रसायनासाठी विंडाउस यांना १९२८ चं नोबेल मिळालं.

त्याच १९२२ साली हचिसन आणि शहा या दोघांचा मुंबई इलाख्यातल्या मुडदुसावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. खान्देश तेव्हा त्याच इलाख्यात. त्यांना जे दिसलं ते उलटंच होतं. खाऊन-पिऊन सुखी घरांतल्या, पडद्यात वाढणाऱ्या मुलीबायकांची हाडं मऊ. आणि कदान्नावर जगणाऱ्या, दिवसभर शेतात राबणाऱ्यांच्या पोरांमध्ये मुडदूस जवळजवळ नाहीच. ऊन दोघांच्याही डोक्यावर सारखंच होतं.

मावशीचा दिवस मी चार दिवस जवळून बघितला. बिबड्यांचा हंगाम होता. दोन-तीन दिवस भिजवून आंबवलेल्या ज्वारीचं शिजवलेलं पीठ घेऊन ती सहाला गच्चीवर जाते, जुन्या धोतरावर गोल-गोल बिबड्या घालते, आणि आठ वाजता, ऊन तापायच्या आत, डोक्यावरचा पदर सावरत खाली उतरते. पुन्हा वर जाते ती संध्याकाळी, वाळलेलं काढायला. म्हणजे बिबड्या दिवसभर उन्हात आणि मावशी कूलरसमोर. कातडीत ड जीवनसत्त्व बनवणारे अतिनील किरण कोवळ्या उन्हात जवळपास नसतातच. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हाचं ऊन त्या कामाचं, आणि नेमकं तेच आपल्याकडे मे महिन्यात सोसवत नाही. खिडकीच्या काचेतून ते किरण आत येत नाहीत. सावळ्या कातडीला गोरीपेक्षा जास्त वेळ लागतो. शाकाहारी ताटात ड जीवनसत्त्व नावापुरतंच. तेव्हा मावशीच्या प्रश्नाचं उत्तर असं की ऊन भरपूर आहे, पण ते अंगी लागत नाही.

हे ‘अंगी लागणं’ झिंकच्या गोष्टीत तर पावलोपावली येतं.

झिंक म्हणजे आपलं जस्त. जस्ती पत्रा, जस्ताची बादली. हा धातू राजस्थानात उदयपूरजवळच्या जावरला युरोपच्या कित्येक शतकं आधी मोठ्या प्रमाणावर गाळला जात होता. पण खान्देशात ‘झिंक’ हा शब्द आला शेतीच्या दुकानातून. रावेर-यावलच्या केळीवाल्याला विचारा: पान अरुंद निघालं, शिरांमध्ये पिवळे-पांढरे पट्टे आले, की झिंक सल्फेट. (उंदरांचं औषध झिंक फॉस्फाईड, त्यामुळे जुनी माणसं ‘झिंकची गोळी’ म्हटल्यावर आधी दचकतात, ते वेगळं.) काळ्या, चुनखडीच्या जमिनीत जस्त नसतं असं नाही, मातीच्या अल्कतेमुळे ते मुळांना उचलता येत नाही. देशात याची पहिली मोठी जाणीव १९६६ मध्ये झाली. पंतनगरला यशवंत लक्ष्मण नेने यांनी तराईतल्या भाताचा ‘खैरा’ रोग कुठल्या जंतूमुळे नसून जस्ताच्या कमतरतेमुळे होतो हे दाखवलं.

माणसाच्या बाबतीत हा शोध जरा आधीचा, आणि तो लावणारे डॉक्टर बिहारच्या बक्सरचे. आनंद प्रसाद १९५८ मध्ये इराणात शिराझला गेले. तिथे त्यांच्यासमोर २१ वर्षांचा एक तरुण आला, दिसायला दहा वर्षांच्या मुलाएवढा. मिसरूड नाही, वाढ खुंटलेली, यकृत आणि प्लीहा मोठे. खाणं म्हणजे बिनखमिराची रोटी आणि जोडीला माती. असे ११ रुग्ण त्यांनी १९६१ मध्ये नोंदवले. पुढे इजिप्तमध्ये अशाच मुलांना जस्त दिल्यावर त्यातली काही वर्षभरात ५ ते ६ इंच वाढली. तरीही माणसाला जस्त कमी पडू शकतं हे मान्य व्हायला वेळ लागला; अमेरिकेने रोजची शिफारस ठरवली ती १९७४ मध्ये.

त्या रोटीत जस्त होतंच. अडचण होती फायटेटची. धान्य आणि डाळी आपला फॉस्फरस या रूपात साठवतात, आणि ते आतड्यात जस्ताला घट्ट धरून बसतं. आता आपलं ताट बघा: कळण्याची भाकरी, बाजरी, वरण-बट्टी. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद कोरडेच दळलेले, फायटेट शाबूत. उलट बिबड्यांची ज्वारी भिजते, आंबते, आणि त्यात फायटेट बरंचसं तुटतं. आजीने हे जस्तासाठी केलं नव्हतं, चवीसाठी केलं. उगाच विज्ञान तिच्या पदरात घालायला नको. पण धान्यावरच पोट भरणाऱ्यांना जस्त जास्त लागतं म्हणूनच आपल्याकडची शिफारसही चढी आहे: २०२० च्या तक्त्यात पुरुषाला रोज १७ मिलिग्रॅम, बाईला १३ च्या आसपास.

नंदुरबारच्या सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, या गोष्टीला वेगळी धार येते. तिथल्या आदिवासींमध्ये सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, आणि त्या रुग्णांना जस्त कमी पडतं हे १९७५ मध्ये दाखवणारेही प्रसादच. पण झिंकचा सर्वांत पक्का उपयोग म्हणाल तर लहान मुलांच्या हगवणीत. २००४ पासून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ ओआरएससोबत झिंक द्या म्हणतात: सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहान बाळाला १०. आशाताई गोळी चमच्यात ठेवते, वर आईचं दूध किंवा पाणी, अर्ध्या मिनिटात ती विरघळते. आपल्याकडे कोर्स १४ दिवसांचा. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात आणि उरलेलं पाकीट फडताळात जातं. पुढची हगवण टाळण्याचा फायदा त्या उरलेल्या गोळ्यांत असतो, हे सांगून सांगून आशाताईंचा घसा बसतो.

मग २०२० आलं आणि सी, झिंक, साठ हजाराची डी हे त्रिकूट घरोघरी पोचलं. माझ्या मते तिथेच गाडी घसरली. कमतरता भरून काढणं निराळं आणि भरल्या पोटी वर ओतणं निराळं. अमेरिकेत २१४ कोविड रुग्णांवर झिंक आणि सी देऊन बघितलं. २०२१ च्या निकालात लक्षणं काही लक्षणीय लवकर ओसरली नव्हती. २५ हजारांहून अधिक लोकांना पाच वर्षं डी किंवा खोटी गोळी देणाऱ्या मोठ्या चाचणीत (२०१८) डीमुळे कर्करोग वा हृदयविकार घटला नाही. पण त्यातल्या बहुतेकांना ड कमी नव्हतंच. उलट झिंक महिनोन्महिने जास्त घेतलं तर शरीरातलं तांबं घटतं, आणि डीचा अतिरेक रक्तातलं कॅल्शियम वाढवून मूत्रपिंडावर येतो. हिशेब साधा आहे: रोजची गरज ६०० युनिट धरली, तर एका पुडीत शंभर दिवसांचा शिधा असतो.

मावशीच्या आठ पुड्या संपल्या. मांड्या दुखायच्या कमी झाल्या, म्हणून तिने मेडिकलवरून नववी आपणहून आणली. चिठ्ठी कुणी मागितली नाही. रक्त पुन्हा तपासेपर्यंत ती पुडी मिसळणाच्या डब्यात, हळदीशेजारी पडून आहे.