मर्जीतला माणूस आणि भरवशाचा माणूस

गोव्यात साहेबांशी ओळख वाढायला फार खटपट लागत नाही. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या राज्याची लोकसंख्या पंधरा लाखांच्या आत होती. त्यामुळे पात्रांव, म्हणजे साहेब, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भेटतात, त्यांची मावशी आपल्याच वाड्यावर दिलेली निघते. मग साहेब हसून बोलले की नातं छान जमलं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तेवढ्यावरून एवढंच कळतं की आपण त्यांच्या मर्जीत आहोत. त्यांचा आपल्यावर भरवसा आहे की नाही, हे अजून कळायचं असतं.

दिसायला दोन्ही माणसं सारखीच. दोघंही केबिनमध्ये बेधडक जातात, दोघांचीही नावं मीटिंगमध्ये निघतात. फरक उघडा पडतो तो वाईट बातमी आल्यावर.

समजा, वेर्ण्याच्या एखाद्या औषध कारखान्यातून सोमवारी माल जायचा आहे आणि एका बॅचची कागदपत्रं अपुरी असल्याचं गुरुवारी लक्षात आलं. मर्जीतला माणूस आधी मूड बघतो. आज स्वारी तापलीय, नको. शुक्रवारी साहेब खुशीत असतात, मग कशाला विरजण घाला? सोमवारी ट्रक दारात उभा राहतो आणि साहेबांना ही गोष्ट कळते ती त्यांच्या वरच्यांच्या फोनवरून. भरवशाचा माणूस गुरुवारीच जाऊन सांगतो: काय अडलंय, कधी सुटेल, साहेबांनी कुणाला फोन केला तर लवकर सुटेल. बोलणी खातो, पण साहेबांच्या हातात चार दिवस ठेवतो.

हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक जॉन गबारो आणि जॉन कॉटर यांनी १९८० साली हेच मांडलं, की गरज दोन्ही बाजूंनी असते; साहेबही हाताखालच्यांच्या माहितीवर आणि कामावर अवलंबून असतात. त्यांनी दोन टोकं दाखवली: साहेब म्हटलं की चिडणारे, आणि राग गिळून मान डोलावणारे. दुसऱ्यांना आपल्याकडे ‘गुणी’ म्हणतात, ही माझी भर.

व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी वरिष्ठांचे दोन प्रकार सांगितले, वाचणारे आणि ऐकणारे. मला हे सगळ्यात कामाचं वाटतं. ऐकणाऱ्या मॅडमना दोन पानी ईमेल पाठवून उपयोग नाही. समोर जाऊन दोन मिनिटांत सांगावं, कागद मागाहून द्यावा. वाचणाऱ्यांना आधी टिपण द्यावं, मग बोलावं. मर्जीतला माणूसही साहेबांचा अभ्यास करतोच, पण तो साहेब फुटबॉलमध्ये अर्जेंटिनाच्या बाजूचे की पोर्तुगालच्या, एवढ्यावर थांबतो.

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, रजेचंही तसंच. हॉटेलात ती सगळ्यांनाच हवी असते. मर्जीतला मे महिन्यात दिलेल्या मानकुरादांच्या आठवणीवर विसंबतो. (आंबे जरूर द्यावेत, त्यात वाईट काही नाही; फक्त हिशेब ठेवू नये.) भरवशाचा महिनाभर आधी बदली माणूस ठरवून येतो: चवथीला सहकारी फर्नांडिस उभे राहतील, नाताळात मी. साहेबांना फक्त हो म्हणायचं उरतं.

आता, काही साहेबांना मर्जीतलीच माणसं हवी असतात आणि वाईट बातमी आणणाऱ्यावरच ते डाफरतात. तिथेही बातमी लपवू नये, पण तोंडी सांगून झाल्यावर त्याच दिवशी तीन ओळींचा ईमेल टाकून ठेवावा: काय सांगितलं, कधी, पुढे काय ठरलं. भाषा साधी, तक्रारीचा सूर नको. साहेबांची बदली झाली तर नवे साहेब आंबे कुणी दिले होते ते विचारणार नाहीत, जुने ईमेल मात्र काढून वाचतील.