चिपबोर्डवर जुन्या लाकडाचं फ्लोअरिंग

पाडलेल्या शाळा, गिरण्या, जुनी घरं यातून निघालेल्या ओक, मेपल, सागवानाच्या फळ्या साफ करून दुसऱ्या घरात परत बसवायच्या, हे काम ब्रिटनमध्ये बरंच चालतं. तिकडच्या गेल्या ४०-५० वर्षांतल्या घरांत वरच्या मजल्याला बहुतेक वेळा स्लॅब नसतोच, लाकडी तुळया (तिकडे जॉइस्ट म्हणतात) आणि त्यावर १८ किंवा २२ मिमी चिपबोर्ड ठोकलेला असतो.

सगळी गोम या चिपबोर्डात आहे. लाकडाचा चुरा आणि गोंद दाबून केलेला तक्ता तो, खिळा धरून ठेवत नाही. नुसता त्याच्यात खिळा मारला की वर्षभरात थंडी-उन्हाळ्यात फळी आकसते फुगते, खिळा सैल होतो आणि पाय टाकला की करकर सुरू. म्हणून फळ्या तुळयांना आडव्या टाकायच्या आणि फळीच्या जिभेतून (कडेची पातळ पट्टी, जी शेजारच्या फळीच्या खाचेत बसते) ४५ अंशात तिरका खिळा थेट तुळईत जाईल असा मारायचा, पुढची फळी बसली की तो दिसतही नाही. तुळया कुठे आहेत ते चिपबोर्डच्या स्क्रूंच्या ओळीवरून कळतं, तिथे आधी पाइप आणि वायरी मात्र बघून घ्या. फळ्या तुळयांनाच समांतर हव्या असतील तर आधी प्लायवूडचा थर स्क्रूने घट्ट बसवतात, किंवा लवचिक गोंदावर चिकटवतात.

पाणी लागलेला चिपबोर्ड चहात पडलेल्या टोस्टसारखा फुगतो आणि वाळला तरी परत बसत नाही, तेवढा तुकडा बदलायचाच, त्यावर झाकपाक करू नये.

जुन्या लाकडाला वेळ द्यावा लागतो. प्रत्येक खिळा उपटायचा, नाहीतर रंध्याचं पातं गेलं. ओकमध्ये खिळ्याच्या भोकाभोवती निळसर काळा डाग असतो, लोखंड आणि लाकडातल्या टॅनिनचा (तुरट द्रव्याचा) तो, मला तर तो घासून काढावासा वाटत नाही. जुन्या पार्केटच्या (लाकडी ठोकळे नक्षीत मांडून केलेल्या फरशीच्या) ठोकळ्यांखाली डांबर असेल तर तासण्याआधी तपासून घ्या, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस (धूळ श्वासातून गेली तर घातक असलेलं तंतुमय खनिज) असू शकतं. फळ्या एकाच जाडीच्या क्वचित मिळतात, म्हणून जाडीप्रमाणे गठ्ठे लावायचे. मग हीटिंग चालू असलेल्या त्याच खोलीत एक-दोन आठवडे ठेवून ओलावा ८ ते १२ टक्क्यांवर आला की मगच बसवायला घ्यायचं, आणि भिंतीलगत १०-१५ मिमी जागा सोडायची, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते.